मैदानाच्या कडेकडेनं

शाळेच्या पालकसभेत बाई हसून म्हणाल्या, "हुशार आहे हो तुमची मुलगी, पण जरा... ॲक्टिव्ह आहे." 'जरा' आणि 'ॲक्टिव्ह' यांच्यामध्ये त्यांनी जो श्वास घेतला, त्यात सगळं आलं. माझ्यानंतर एका मुलाच्या आईचा नंबर होता. मी दाराशी सँडल घालत रेंगाळले होते म्हणून ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "मस्तीखोर आहे, पण गोड आहे." बाईंनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही. एका वर्गात चाळीस पोरं सांभाळायची म्हणजे शब्द तोलत बसायला सवड कुठली? पण दोन वाक्यांतला 'पण' उलटा फिरला होता. माझ्या लेकीचा गुण आधी आला आणि 'पण'नंतर दोष. त्याचा दोष आधी आला आणि 'पण'नंतर माफी.

लेक सहा वर्षांची आहे. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या उतरण्यासाठी असतात हे तिला मान्य नाही. घसरगुंडी ती खालून वर चढते. पोळीचा लचका तोडून "आता मी कोकण खाल्लं, उरलेला महाराष्ट्र रात्री," असं जाहीर करते. लिफ्टमध्ये अनोळखी काकांना त्यांच्या नाकातल्या केसांबद्दल विचारते, आणि सहा मजले उतरेपर्यंत मी लिफ्टच्या आकड्यांकडे एकाग्रतेनं बघत राहते. झोपताना दिवा घालवल्यावर खरी सुरुवात होते. "आई, झोपल्यावर जीभ कुठे ठेवायची?" एकदा हा प्रश्न डोक्यात शिरला की आपल्यालाही झोप लागत नाही, हे स्वानुभवानं सांगते.

असं मूल थकवतं. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक रविवार त्याच्यासोबत काढावा. पण तिच्या उत्साहानं मी थकते ही माझी अडचण झाली. तिच्या उत्साहाबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला जातो, ती मात्र सगळ्यांची अडचण आहे. हा खुलासा मुलाच्या आईला सहसा द्यावा लागत नाही.

भाषेकडे बघा. अशा मुलीसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. धसमुसळी, दांडगी, वांड, आगाऊ, भटकभवानी, आणि फारच झालं तर 'पुरुषी'. मुलगे हसतात, मुली खिदळतात. मुलगे खेळायला जातात, मुली उंडारायला. यातला एकही शब्द शिवी नाही, म्हणून तो हळदीकुंकवातही चालतो. भवानी तर तुळजापूरची, भोसल्यांची कुलदेवता. महाराजांच्या तलवारीला जे नाव मिरवायला दिलं, तेच आधी 'भटक' जोडून आपण घराबाहेर रमणाऱ्या पोरीला टोमणा म्हणून वापरतो. कौतुकाचे शब्द कोणते? गुणी, शहाणी, समजूतदार, सोशिक. या चारांत हालचाल एकाही शब्दात नाही. "घरात आहे की नाही कळत नाही हो," हे वाक्य मी पाच वर्षांच्या मुलीबद्दल अभिमानानं उच्चारलेलं ऐकलं आहे. घरात मूल आहे हे कळू नये यात अभिमान कसला, हे मला अजून उमगलेलं नाही.

खोडकर लेकराचं कौतुक आपल्याला जमत नाही असं तर मुळीच नाही. दही चोरणारा, मडकी फोडणारा, आईला पुरून उरणारा एक मुलगा आपण देव्हाऱ्यात बसवला आहे, त्याच्या खोड्यांवर गवळणी रचल्या आहेत. मुलीची अशी एकच गोष्ट मला आठवते. परशुराम जनकाकडे आले असता त्यांनी ठेवलेल्या शिवधनुष्याचा लहानग्या सीतेनं घोडा केला आणि अंगणभर पळवला, असं कीर्तनकार रंगवून सांगतात. लहानपणी मला ती फार आवडायची. पण कथा तिथे थांबत नाही. जनकानं ते पाहिलं आणि ठरवलं, की हे धनुष्य जो पेलेल त्यालाच ही मुलगी द्यायची. पोरीचा खेळ एका वाक्यात स्वयंवराचा पण झाला. तो घोडा पुढे कितीदा पळाला, कुणी सांगत नाही.

माझं माहेर कराडजवळ. गेल्या मे महिन्यात लेक परड्यातल्या आंब्यावर चढली. तिच्यापेक्षा वर्षानं मोठा असलेला मामेभाऊ तिच्याहून दोन फांद्या वर होता. माझे वडील खालून ओरडले. त्याला म्हणाले, "जपून रे." हिला म्हणाले, "उतर आधी खाली, मुलीच्या जातीनं असं झाडावर बसायचं नसतं." झाड एक, आजोबा एक, पडायचा धोका तिच्याहून त्याला जास्त. मी काही बोलणार तोच आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बसू दे. मी विहिरीत सूर मारायचे."

मला हे ठाऊकच नव्हतं. माझी आई बहात्तर वर्षांची. तिला मी पाण्यात घोट्यावर गेलेलं पाहिलेलं नाही. त्या रात्री तिनं सांगितलं, की सातव्या वर्षी थोरल्या भावानं पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून तिला विहिरीत ढकललं. पांगारा हलका, बुडत नाही. आठ दिवसांत पांगारा सुटला आणि ती कठड्यावरून उड्या मारायला लागली. मग बारावं लागलं. कुणी रागावलं नाही, मारलं नाही. पांगारा माळ्यावर गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला कुणी हाक मारली नाही, एवढंच. "मग पुन्हा कधीच नाही?" माझ्या लेकीनं विचारलं. आई म्हणाली, "नागपंचमीला झोका असायचा की." आपल्या परंपरेनं बायकांच्या अंगातली ताकद ओळखली नव्हती असं नाही. बसफुगडी, तवा फुगडी, गाठोडं हे प्रकार करून बघा, दोन मिनिटांत धाप लागते. पण त्या ताकदीला परवाना लागायचा, सणाचा आणि तिथीचा. एका रात्री वर्षभराचं खेळून घ्यायचं. आता तर मंगळागौरीचे खेळही सुपारी घेऊन येणारे गट रंगमंचावर करतात आणि बाकीच्या मोबाईलवर चित्रित करतात.

याच सातारा जिल्ह्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन पावणेतीनशेहून जास्त मुलींची नावं बदलली होती. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, नकुशी. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, बीडमध्ये ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा करणारं हे राज्य. तिथून आपण 'लेक लाडकी'पर्यंत आलो. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार रुपये. मला या योजनेची चेष्टा करायची नाही, नकुशीच्या जिल्ह्यातली बाई ती करूही शकत नाही. पण मुलगी हवी असं म्हणायला आपण शिकलो, आणि ती कशी हवी याच्या अटी तशाच ठेवल्या. जन्माचं स्वागत झालं, आवाजाचं झालं नाही. पाच ते बारा या वयात तिला पळायला जागा, वेळ आणि मुभा द्यायची, हा कुठल्याच योजनेतला हप्ता नाही.

जागा आणि वेळ हे शब्द माझ्या तोंडी एका डॉक्टरांमुळे आले. शाळेतल्या समुपदेशकांनी सुचवलं होतं, "एकदा दाखवून घ्या." आम्ही घाबरून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. काही मुलांना खरंच अडचण असते, एका जागी लक्ष टिकत नाही, आवेग आवरत नाही, आणि त्यांना वेळेवर मदत मिळायलाच हवी. गंमत म्हणजे मुलींमधली ही अडचण पुष्कळदा उशिरा कळते, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणी गडबड करत नाहीत, खिडकीबाहेर बघत स्वतःतच हरवलेल्या असतात. शांत आहे म्हणून तिचं कौतुक होत राहतं, आणि उड्या मारणारीची चिठ्ठी घरी येते. डॉक्टरांनी अर्धा तास तिच्याशी गप्पा मारल्या, तिला खेळणी दिली, बघत बसले. मग त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "दिवसातून किती वेळ पळते?"

नवरा म्हणाला, "दिवसभर." मी घरी येऊन कागद घेतला. सकाळी ६.५० ला बस. शाळा. बस. जेवण. गृहपाठ. आठवड्यात पीटीचे दोन तास, ३५ मिनिटांचे, त्यातली दहा रांगा लावण्यात. परीक्षा जवळ आली की त्यातला एक गणिताला. संध्याकाळी मी कामावरून येऊन खाली नेते तेव्हा सात वाजत आलेले असतात. वीसेक मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. सगळं मिळून आठवड्याला दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची चांगली दमवणारी हालचाल सांगते, म्हणजे आठवड्याला ४२०. आकडाही नेमका निघाला. जे मूल दिवसभर पळतं असं घर आणि शाळा दोघं सांगत होते, ते आवश्यकतेच्या जेमतेम तिसरा हिस्सा पळत होतं. उरलेलं ती सोफ्यावर, जिन्यात आणि लिफ्टमध्ये भरून काढत होती, आणि तिथे ते 'जास्त' दिसत होतं.

आता जागेचं. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. संकुलाच्या जाहिरातपत्रकात हिरवळीवर पतंगामागे धावणारी एक मुलगी होती. घर घेताना मी तिच्याकडे बघून भुलले होते हे कबूल करते. प्रत्यक्षात हिरवळ पोडियमवर आहे, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावर. खाली स्लॅब, वर फरशी, कुंड्यांत पाम. पाटी आहे, 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'. शेजारी दुसरी, 'सायकल चालवू नये'. तिसरी, 'हिरवळीवर चालू नये'. राज्याच्या २०२० च्या विकास नियमावलीत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडायला सांगितली आहे. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं होतं, की नियमानं सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नव्हे. न्यायमूर्तींना जे कळलं ते कुठल्याही सहा वर्षांच्या मुलीला कळतं. फरशीवर पडलं की लागतं, आणि फरशीत खड्डा करता येत नाही.

शहराचंही हेच. विकास आराखड्यात 'खेळाचे मैदान' असं लिहून जागा हिरव्या रंगात रंगवली म्हणजे मैदान होत नाही. दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नगररचना कायद्याखाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही पालिका हलली नाही तर आरक्षण उडतं. माझ्या लेकीचं सगळं खेळायचं वय त्या दहा वर्षांत बसतं. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला वर्ग, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी यांच्या बरोबरीनं क्रीडांगण सांगितलं आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क आहे, आणि भारतानं तो १९९२ साली स्वीकारला. कायद्यांची उणीव नाही. आमच्या पोडियमवरच्या पाट्यांइतकी मात्र त्यांची अंमलबजावणी होत नाही.

इथवर जे लिहिलं ते मुलांनाही लागू आहे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण जिथे जागा आहे तिथे काय होतं ते बघा. आमच्या मागच्या रस्त्याला पालिकेचं एक बऱ्यापैकी मैदान आहे. संध्याकाळी सहा वाजता तिथे जाऊन नुसतं उभं राहा. मध्ये क्रिकेट. एक नाही, तीन-चार डाव एकमेकांत घुसलेले, दहा ते वीस वर्षांचे मुलगे. मुली असतात, नसतात असं नाही. त्या कडेनं चालत असतात. दोघी-दोघी, तिघी-तिघी, कुंपणाला धरून चकरा मारतात, बॉल आला की अंग चोरतात. माझी लेक पहिल्याच दिवशी मैदानाच्या मधोमध गेली. एका मुलानं तिला अगदी प्रेमानं दंडाला धरून कडेला आणून सोडलं. "लागेल तुला." खरंच लागलं असतं. त्याची काहीच चूक नव्हती. पण मैदानाचा मध्य कुणाचा आणि कड कुणाची, हा धडा तिला पाच मिनिटांत मिळाला आणि शिकवणारा वाईट माणूसही नव्हता.

व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात हेच लक्षात आलं होतं. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांतून दिसेनाशा होत होत्या, मुलगे मात्र येत राहायचे. तिथल्या पालिकेनं मुलींना धीट बनवण्याची शिबिरं घेतली नाहीत, बागा बदलल्या. एकच मोठं मैदान होतं त्याचे लहान भाग केले, ये-जा करायला वाटा वाढवल्या, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलला जागा काढली, बसायला कट्टे केले. मुली परतल्या. आपल्याकडे व्हिएन्नाचा खर्च परवडणार नाही, पण चुना तर आहे? मैदानावर एक आडवी रेघ मारायला आणि पाच ते साडेसहा एका बाजूला क्रिकेट नाही असं ठरवायला किती निधी लागतो? लंगडीला मैदानाचा एक तुकडा पुरतो, लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बसवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या मुलीच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. ती बातमी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आली, टाळ्यांची चिन्हं पडली, आणि चारच संदेश खाली कुणाची तरी तक्रार होती, की संध्याकाळी मुलींच्या ओरडण्यानं मीटिंग नीट होत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री तर आमच्याकडे फटाके वाजले. नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला होता. अंतिम सामन्याची मानकरी शेफाली वर्मा, ८७ धावा आणि दोन बळी. रोहतकमध्ये लहानपणी मुलींना क्रिकेट शिकवायला कुणी घेईना, म्हणून तिच्या वडिलांनी तिचे केस कापून तिला मुलगा म्हणून खेळायला नेलं होतं. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती आपल्या सगळ्यांच्या लाजेची वाटते. जिच्या बापाला कात्री सुचली नाही, तिची बातमी आली नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. "दिवस कसले आहेत बघतेस ना? मुलीला बाहेर सोडायचं?" मला भीती वाटते. ती पाच मिनिटं दिसली नाही तर माझे हातपाय गळतात. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले ते शाळेच्या आवारात झालेल्या अत्याचारावरून. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. म्हणजे दार लावून घेतल्यानं धोका बाहेर राहतो ही समजूत आपल्या सोयीची आहे. चाळीस मुलं, दहा आया, दोन आजोबा आणि एक भेळवाला असलेलं मैदान मला बंद घरापेक्षा जास्त सुरक्षित वाटतं. आणि दुसरं. ज्या मुलीला आपण रोज 'हळू बोल', 'काकांना उलट उत्तर देऊ नको', 'पापी दे, काय होतं' असं शिकवलं, तिनं नेमक्या वेळी नाही म्हणून किंचाळावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर? माझी लेक किंचाळते. सध्या ती आंघोळीच्या वेळी किंचाळते, त्यामुळे मला त्रास होतो. तो मी सोसते.

शिस्तीचं म्हणाल तर शिस्त हवीच. रांगेत घुसायचं नाही, दुसऱ्याचा डाव मोडायचा नाही, जेवताना पाय ताटाशी आणायचा नाही. पण या गोष्टी मुलालाही सांगायच्या असतात. फक्त मुलीला सांगितली जाते ती शिस्त नसते, ती आकुंचन पावण्याची तालीम असते. 'पाय जवळ घे.' 'हसताना तोंडावर हात.' 'असं बसू नये.'

हे सगळं मी दुसऱ्यांबद्दल लिहीत नाही. भाच्याच्या मुंजीत लेक कोलांट्या मारत होती. चार बायका बघत होत्या, आणि मी दात आवळून म्हणाले, "फ्रॉक खाली घे." ती उलटी असतानाच म्हणाली, "मग मला फ्रॉक कुणी घातला?" आजवर माझ्याकडे याचं उत्तर नाही. घरी पाहुणे आले की तिनं गप्प बसावं म्हणून मीच तिच्या हातात मोबाईल देते. मुलगी एकदम शहाणी होते. मान खाली, आवाज बंद, हालचाल अंगठ्यापुरती. पाहुणे म्हणतात, "किती शांत आहे हो!" आणि मला, शपथेवर सांगते, बरं वाटतं.

फ्रॉकवरून गणवेशाचं सुचलं. तिच्या शाळेत पहिलीपासून मुलांना अर्धी पँट, मुलींना पिनाफोर, आणि खाली घालायची काळी चड्डी वेगळी विकत घ्यायची. झोपाळ्यावर, दोरीवर, लंगडीत, सगळीकडे एक हात पिनाफोर सांभाळायला अडकलेला. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं मुलामुलींना एकच गणवेश केला, शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पँट. त्यावरून तिकडे पुढे वाद झडले, पण त्या वयाच्या मुलींचा त्यात काही आक्षेप असेल असं मला वाटत नाही. हा बदल करायला शाळेला जमीन लागत नाही, इमारत लागत नाही. पालकसभेत मी तो मांडला. "मुलींना फ्रॉकच गोड दिसतो," असं एक बाबा म्हणाले. ते मुलींकडे बघण्याबद्दल बोलत होते, मी मुलींनी पळण्याबद्दल बोलत होते. आमचं जमलं नाही.

मूल बसत नाही, तर शाळाच उठून त्याच्याकडे गेली, हे याच महाराष्ट्रात घडलं आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, तिचं नाव अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणारी मुलं वर्गात येईनात, तर शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. मुलाच्या पायांना दोष न देता त्यांनी शाळेला पाय दिले. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेनं अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. शहरातल्या कितीतरी भाड्याच्या एका खोलीत भरतात, त्यांच्या दारात अंगण नाही, नाला आहे किंवा रिक्षास्टँड. अंगण नावात उरलं.

माझी मागणी त्यामानानं फार लहान आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी मी लेखी विषय दिला होता. पोडियमवरच्या तीन पाट्यांपैकी पहिली काढावी, स्पंजचा चेंडू चालेल असं लिहावं, आणि खालच्या पाहुण्यांच्या पार्किंगची पट्टी संध्याकाळी पाच ते सात गाड्यांना बंद ठेवून तिथे लंगडी-खो-खोसाठी चुन्यानं रेघा माराव्यात, निम्मा वेळ मुलींसाठी राखून. सेक्रेटरींनी तो 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलला. सिंकिंग फंड, गळती, भटकी कुत्री यांवर साडेतीन तास गेल्यावर आयती वेळ आली तेव्हा अकराजण उरले होते आणि त्यातले दोघे उभे होते. निम्मा वेळ मुलींसाठी का, मुलांवर हा अन्याय नाही का, असं एका तरुण बापानं विचारलं. त्याला पाच महिन्यांची मुलगी आहे. मी म्हटलं, आपण पाच वर्षांनी बोलू. चेअरमन म्हणाले, गोंगाटाचा प्रश्न येईल, पुढच्या सभेत घेऊ.

पुढच्या सभेला अजून वेळ आहे. तोवर मी शनिवारी-रविवारी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये माझी गाडी आडवी लावते, म्हणजे मागचा तुकडा मोकळा राहतो. कोळशाचा तुकडा घेऊन चौकट आखते. पहिल्या शनिवारी लेक आणि मी, दोघीच होतो. दुसऱ्या शनिवारी सी विंगमधल्या दोघी कडेला येऊन उभ्या राहिल्या, मग आत आल्या. परवा सात मुली होत्या, दोन मुलगे, आणि ज्यांच्या मीटिंगा बिघडतात त्या ताई, मुलीला बोलवायला म्हणून आलेल्या. माझ्यावर लंगडीचं राज्य आलं. तीस वर्षांनी पाय उचलला होता. अकराव्या उडीला तोल गेला, पाय टेकला, आणि माझी लेक "आऊट!" म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडली, की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.